टाकीला गुंडाळलेली वायर

“तुमचा सूर्य संध्याकाळी शटर पाडून घरी जातो, मेव्हणे! मग काय, तुमच्या भाषणाच्या वाफेवर उबवायची का अंडी?”

“दाजी, सूर्य सकाळी परत तरी येतो. तुमची सिलिंडरची गाडी परवा येणार होती, ती नक्की कुठल्या परवाला तेवढं सांगा.”

पहिला आवाज आमच्या बाबांचा. ते गॅस फिटर. लोकांच्या ओट्याखाली अर्धं अंग घालून पाइप जोडतात, त्यामुळे अर्ध्या गावाला त्यांचे फक्त पाय ओळखीचे. दुसरा आवाज मामाचा, आईच्या धाकट्या भावाचा. तो छपरांवर सोलर पॅनल बसवतो. एक ओट्याखाली, एक छपरावर, आणि समोरासमोर आले की वाजलंच. मामा आमच्याच माडीवर राहतो, म्हणजे रोज वाजतं.

भांडणाचं मूळ असं. टेकडीपलीकडे बंद पडलेली खाण आहे, तिथे गॅसवर वीज करणारं केंद्र बांधायचं चाललंय. टेकडीवर पवनचक्क्या आहेत, माळावर पॅनलच पॅनल आहेत, तरी रोज संध्याकाळी ऊन जातं, वारा पडतो आणि नेमके तेव्हाच सगळे घरी येऊन बटणं दाबतात. मग लाईट जाते. कंपनी म्हणते, तेवढ्या वेळेपुरता गॅस पेटवू. बाबा म्हणतात, पेटवाच. केंद्रात पाइपच पाइप असणार आणि ते सगळे आपणच जोडणार, असं बाबांनी मनात ठरवूनही टाकलंय. त्यांना कोणी विचारलेलं नाही. मामा म्हणतो, मोठ्या बॅटऱ्या लावा, धूर कशाला? आता यावर जनसुनावणी लागली. प्रत्येक गल्लीतून एकाने बोलायचं. आमच्या गल्लीने एकमताने आमचं घर निवडलं, कारण आमच्या घरात बोललेलं तसंही सगळ्यांना ऐकू जातं. घरातून कोण जाणार, ते घराने ठरवायचं.

मी दोघांकडेही काम करून सोडलंय. शाळाही सोडलीय. मला एका जागी बसवत नाही, आणि कोणी ‘लक्ष कुठंय तुझं’ म्हणलं की डोकं सटकतं. लक्ष असतं माझं. त्यांना पाहिजे तिथे नसतं, एवढंच.

तर त्या सकाळी आई मागच्या खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात लाटणं असतं तर दोघं घाबरले नसते. हातात बदकाचं अंडं होतं.

आई बदकांची पिल्लं काढते. दोन जुन्या उबवणीच्या पेट्या घेतल्यात तिने. दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवते, टॉर्चवर धरून आतलं बघते, आणि ऊब बरोबर आहे का हे कळायला अंडं डोळ्याच्या पापणीला लावते. तळ्याकाठी बाग चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी पहिल्यांदाच तिला अंडी दिली होती. पिल्लं नीट निघाली तर वर्षभराचं काम आईकडे. नाही निघाली तर आई परत दवाखान्याच्या लॉन्ड्रीत, चादरींच्या वाफेत. तिथे तिने इतकी वर्षं काढली की अजून कुठे पांढरं कापड दिसलं तरी घडी घालायला हात पुढे करते.

“गप्प बसा दोघं,” आई म्हणाली. “पेट्या दोन आहेत. अहो, एक तुमची, तुमच्या गॅसवर चालवा. आणि तू, दुसरी तुझी, तुझ्या उन्हावर चालव. मेन लाईन तशीही बेभरवशाची. पिल्लं निघेपर्यंत ज्याची पेटी गरम राहील तो जाईल बोलायला.”

“आणि दोन्ही गार पडल्या तर?” मी विचारलं.

“तर हे दोघं तळ्यावरच्या बाईंना जाऊन सांगतील, तुमची पिल्लं आम्ही भांडणात मारली.”

मग तिने मेन लाईनच्या बोर्डाला लाल दोरा गुंडाळला आणि तिची ती गाठ मारली, जी तिच्याशिवाय कोणाला सुटत नाही आणि कोणाला परत मारताही येत नाही. म्हणजे लबाडीची एक वाट बंद झाली. तिला वाटलं, सगळ्याच झाल्या.

बाबांनी मागच्या अंगणात सिलिंडरवर चालणारा जनरेटर मांडला, आणि त्यांच्या पेटीसाठी वेगळा बोर्ड लावला. तो असा ठणाठणा वाजायचा की शेजारच्या आजोबांनी कानातलं मशीन काढून ठेवलं, आणि त्यांना बरंच वाटलं. मामाने पॅनल पुसून पुसून आरशासारखे केले, खाली बॅटरी, बाजूला इन्व्हर्टर. दोघं येता-जाता एकमेकांच्या पेटीत डोकावायचे.

“कशी आहे तब्येत?” बाबा विचारायचे.

“ठणठणीत. तुमची?”

“तुमच्यापेक्षा एक डिग्री ठणठणीत.”

सुरुवातीला खरंच ठणठणीत होतं सगळं. पिल्लं निघायला आली तेव्हा आभाळ भरून आलं. नुसते ढग, पाऊस नाही, वारा नाही. रुसलेल्या माणसासारखं आभाळ. मामा छपरावर उभा राहून वर बघायचा, जसा काही त्याच्या बघण्याने ढग ओशाळून सरकणार आहे. तरी त्याच्या पेटीचा दिवा हिरवाच. आणि सिलिंडरची गाडी काही येईना, तरी बाबांचा जनरेटर ठणाठणा चालूच.

आता हे कोणालाही खटकायला हवं होतं. पण बाबा मामाच्या दिव्यावर जळत होते आणि मामा बाबांच्या आवाजावर. आणि आईला अंड्यांपुढे काही दिसत नव्हतं.

मला दिसलं. सुनावणीच्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. जनरेटर ठणठणत होता. आणि त्याच्या डोक्यावर शेजारची मांजर पोट वर करून झोपली होती. चालू जनरेटर इतका तापतो आणि हलतो की त्यावर पातेलं ठेवलं तर ते चालत खाली उतरतं. मी थुंकलो आणि बघत राहिलो. तेवढ्यात जनरेटर शिंकला.

खरं सांगतो. ठणठणठण, मग एक मोठी शिंक, मग “आई गं”, मग परत ठणठणठण. मी थांबलो. थोड्या वेळाने परत शिंक, परत “आई गं”. बाबांची शिंक मी झोपेतही ओळखेन. झाकण उघडलं तर आत बाबांचा मोबाईल आणि लग्नात वाजवतात तसला एक स्पीकर, त्यावर जनरेटरचा भरून ठेवलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजत होता, शिंकेसकट. सिलिंडर उचलून बघितला, कागदासारखा हलका.

मग पेटी कशावर चाललीय? बाबांच्या बोर्डातून एक वायर निघाली होती, ती मी धरली. ती भिंतीवरून वर गेली, मी तिच्यामागे छपरावर, तिथे पाण्याच्या टाकीला वळसा घालून मामाच्या इन्व्हर्टरच्या मागच्या प्लगमध्ये शिरली. म्हणलं वा रे बाप! गॅसवाला उन्हावर जगतोय. मामाला सांगणारच होतो, तर दिसलं की मामाच्या बॅटरीचा चार्जर चालू आहे. आभाळ असं अंधारलेलं, आणि चार्जर चालू? त्याचीही वायर धरली. ती टाकीच्या दुसऱ्या बाजूने वळसा घालून खाली उतरली आणि बाबांच्या बोर्डात शिरली.

मी टाकीभोवती दोन चकरा मारल्या. दोन्ही वेळा जिथून निघालो तिथेच आलो. बाबा मामाच्या बॅटरीवर. मामाची बॅटरी बाबांच्या बोर्डावर. बाबांचा बोर्ड मामाच्या बॅटरीवर. नवीन वीज कुठूनच येत नव्हती. होती तेवढी दोघं एकमेकांच्या ताटातून चोरून खात होते.

“बाबा! मामा! वर या!” मी असा ओरडलो की मांजर उठून गेली.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आले, तयार. मामा तर कागदावरचं भाषण पुटपुटतच आला. मी दोन्ही वायरी त्यांच्यासमोर धरल्या.

“चोर!” बाबा मामाला म्हणाले.

“मी चोर? मग ही कोणाची वायर, दाजी?”

“ती... ती तात्पुरती आहे.”

“माझीही तात्पुरतीच आहे!”

“तुम्ही माझ्या जनरेटरवर डल्ला मारलात!”

“कसला जनरेटर! शिंकतोय तो!” मी म्हणलं. “गाडी आली नाही म्हणून सांगायला काय झालं होतं? आणि मामा, तू! ढग आलेत, बॅटरी पुरत नाही, एवढं बोलायला जीभ झिजते का?”

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी फार अश्लील बोललो. तेवढ्यात इन्व्हर्टरने पीं... असा लांब सूर काढला आणि तो विझला. खालून आईचा आवाज आला. ओरडली नाही ती. नुसतं म्हणाली, “अहो.” त्या ‘अहो’ला आम्ही तिघं जिन्यावरून अक्षरशः घरंगळलो.

आई अंडं पापणीला लावून उभी होती. मग दुसरं. मग दुसऱ्या पेटीतलं. तिचा चेहरा बघवत नव्हता. मी धावत जाऊन मेन बोर्डाचा दोरा दातांनी तोडला, बटण दाबलं. काही नाही. मेन लाईन सकाळीच गेली होती. नंतर कळलं, सुनावणीच्या हॉलमध्ये साहेबांसाठी एवढे एसी लावले की आमच्या भागाचा फ्यूज उडाला.

“आत जीव आहे अजून,” आई म्हणाली. “आता आपलं आपण बघायचं. शर्ट काढा.”

“कोणी?” बाबांनी विचारलं.

“दोघांनी. आडवे व्हा.”

तिने कपाटातली सगळी पांघरुणं काढली. बाबा आणि मामा एकाच गादीवर, उघडे, तोंडाला तोंड, आणि मधे अंड्यांची रास. काखेत, पोटाशी, गुडघ्याच्या खोबणीत. वर पांघरुणं. उरलेली आईने पदरात घेतली. लॉन्ड्रीत इतकी वर्षं चादरी गुंडाळलेली बाई, तिने असं गुंडाळलं दोघांना की दोन माणसांचं एक गाठोडं झालं.

“हलायचं नाही. ओरडायचं तर मुळीच नाही, पोट हलतं.”

“मेव्हणे,” बाबा कुजबुजले, “तुमची कोपरं टोचतायत.”

“दाजी, तुमच्या केसांचं तेल माझ्या तोंडात जातंय.”

“पण सुनावणी!” दोघं एकदमच कुजबुजले.

आईने माझ्याकडे बघितलं. “तू जा.”

“मी? मी काय बोलू?”

“गॅस,” पांघरुणातून बाबा.

“बॅटरी,” पांघरुणातून मामा.

“मला विचारशील तर,” आई म्हणाली, “तारेत करंट पाहिजे. तो कशाचा आहे ते अंड्याला कळत नाही. आणि तो शर्ट बदल, मागून फाटलाय.”

तर मी आता त्या हॉलमध्ये बसलोय. अजून नंबर आला नाही, म्हणून मोबाईलवर हे टाइप करतोय, नाहीतर कोणाशी तरी भांडण झालं असतं. कंपनीचा साहेब पडद्यावर विजेच्या मागणीची एक वाकडी रेघ दाखवतोय. ती संध्याकाळी उंटासारखी मान वर करते, आणि तेवढ्या मानेपुरतं केंद्र हवं म्हणे. त्याच्यानंतर एक चष्मेवाल्या बाई उठल्या. म्हणाल्या, गॅस लांबून येतो, कधी महाग होतो, कधी येतच नाही, त्यापेक्षा बॅटऱ्या वाढवा. साहेब म्हणाला, आठवडाभर ढग राहिले तर? बाई म्हणाल्या, आणि आठवडाभर गॅस आला नाही तर? सगळ्यांनी दोघांसाठीही टाळ्या वाजवल्या. मला कोण बरोबर ते कळेना. साहेब बोलला की साहेब बरोबर वाटतो, बाई बोलल्या की बाई.

एक मात्र दिसतंय. दोघांपैकी कोणीच म्हणत नाहीये की आमचं कधीकधी कमी पडेल. साहेबाच्या रेघेत ते नाही, बाईंच्या कागदात नाही. बाबांच्या आणि मामाच्या तोंडातही नव्हतं. ढग काय, गाडी काय, कोणाच्या हातात असतं? पण कमी पडतंय म्हणण्यापेक्षा टाकीमागून वायर ओढलेली बरी, असंच ना? म्हणून मी ठरवलंय, माईक घेऊन एवढंच विचारायचं. केंद्र बांधा, बॅटऱ्या लावा, दोन्ही करा, हवं ते करा. पण ज्या दिवशी कमी पडेल त्या दिवशी आमच्या आईला आदल्या दिवशी सांगाल का? हो का नाही? बाकी भाषण नको. साहेब फिरवून बोलला तर माझं डोकं सटकेल, ते वेगळं.

माझ्या आधी आता एकच जण उरलाय, आणि तो पाणी पितोय.

आईचा फोन. हळू बोलतेय, पण आवाज उड्या मारतोय. मामाच्या काखेतल्या अंड्याला चोच मारल्याचा तडा गेलाय. बाबांच्या पोटाजवळच्या दोन अंड्यांना पण. मामाला गुदगुल्या होतायत आणि तो हसला तर बाकीची चिरडतील. बाबा त्याचं नाक दाबून बसलेत. आईचे दोन्ही हात भरलेत, फोन मानेत अडकवलाय, पिल्लं धरायला कोणीतरी हवंय, लगेच.

माईकवाला माझ्याकडे बोट करून बोलावतोय. त्याला म्हणलं, प्रश्न लिहून देतो, तुम्हीच वाचा. म्हणतो, असं चालत नाही, पुढे या. पुढे कसला येतो, मला आता निघायचंय