आई बाहेर बसेल

दर्शनाने लाकडी पट्टी आडवी धरून जागृतीच्या बोटांवर हाणली, आणि पेन्सिल टेबलावरून घरंगळत सोफ्याखाली गेली.

"उचल."

नऊ वर्षांची जागृती वाकली, पेन्सिल घेऊन परत खुर्चीत बसली. रडली नाही. रडलं की वर आणखी दोन बसतात, हे तिला पाठ होतं. बाकी काही पाठ होत नव्हतं, ते मात्र चोख होतं. वहीत एकच शब्द तिने पाच वेळा लिहिला होता आणि पाचही वेळा वेगळा. सकाळी तोच शब्द घडाघडा सांगितला होता. दर्शनाचा संताप होता तो ह्याचाच. सकाळी येतं ते संध्याकाळी कसं येत नाही? मुद्दाम करते. नाटकं नुसती. एकदा तळपायाची आग मस्तकात गेली की पट्टी कुठे बसतेय, हे तिचं तिलाच दिसायचं नाही. परवा पट्टी हाताशी नव्हती, तर तिने मानगूट धरून पोरीचं डोकं टेबलावर आपटलं. टेबल काचेचं. कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं, आणि शाळेत 'बाथरूममध्ये घसरली' म्हणून चिठ्ठी गेली.

"बस कर गो," स्वयंपाकघरातून सासू म्हणाली. सगुणा कोलंबी सोलत बसली होती. "मारून काय येल तिला? पोर हाय ती."

"तुम्ही मध्ये पडू नका, आई. तुमच्या लाडानेच ही अशी झालीय."

सगुणाने पुढची कोलंबी उचलली. शिक्षणाच्या बाबतीत ह्या घरात दर्शनापुढे कुणी ब्र काढत नसे. शीळफाट्याजवळच्या त्या गावात, ह्या कुळात, बी.कॉम. झालेली ती पहिली सून. नवरा मयूर दहावीला दोनदा बसून शेवटी वडिलांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या कारभारात रमला. अंगाने आडदांड, मनगटात जाड कडं, गळ्यात बोटभर साखळी. बघणाऱ्याला वाटावं, हा उठता-बसता माणसं तुडवत असेल. प्रत्यक्षात त्याला पालसुद्धा मारवत नसे. बायको पोरीला मारायला लागली की तो बाल्कनीत जायचा आणि मोबाईलचा आवाज वाढवायचा. एवढ्या मोठ्या देहाचा एवढाच भित्रेपणा, पण तो काही थोडाथोडका नव्हे.

मागच्या आठवड्यात डोंबिवलीच्या शाळेने दोघांना बोलावलं होतं. मुलगी हुशार आहे, पण वाचता-लिहिताना अडते, तेव्हा अध्ययन अक्षमता आहे का ते महिन्याभरात तपासून घ्या, असं वर्गशिक्षिकेने सांगितलं. सांगताना बाई सारख्या मयूरच्या कड्याकडे बघत होत्या.

"आणि घरी जरा सबुरीने घ्या हं, सर."

"हो मॅडम," मयूर म्हणाला. दर्शना पर्सची चेन लावत-उघडत बसली.

बाहेर आल्यावर त्याने बाईंनी दिलेली चिठ्ठी तिच्या हातात ठेवली. "तू शिकलेली आहेस. कुणाकडे न्यायचं ते तूच ठरव."

चिठ्ठीत शहाडच्या हरिहर सरांचं नाव होतं. दर्शनाने दुसऱ्याच दिवशी फोन लावला.

"तीन बैठका होतील," सर म्हणाले. "मुलगी आत माझ्याबरोबर असते, आई बाहेर बसते. तपासणीआधी मी तिच्याशी थोडं बोलतो. घरी अभ्यास कोण घेतं, चुकलं की काय होतं, असं."

"ते मी सांगेन ना, सर."

"तुमच्याकडूनही ऐकेन. पण मुलीकडून ऐकायला मला मुलगीच लागते."

कळवते म्हणून दर्शनाने घाईघाईने फोन ठेवला.

मग तिला मंदाकिनीबाई आठवल्या. ठाण्यात कोपरीला, माहेरच्या शाळेत, तिला शिकवायला होत्या त्या. निवृत्तीनंतर कसलासा कोर्स करून आता त्या अशा तपासण्या करतात, हे आईकडून कळलं होतं. बाईंच्या छडीचे वळ दर्शनाने तीन वर्षं अंगावर वागवले होते, आणि आपण जे काही झालो ते त्या वळांमुळेच, अशी तिची ठाम समजूत होती.

"आण गं शनिवारी. पाऊण तासात उरकते," बाई म्हणाल्या. "तू बस शेजारीच. काही मुलांना दोन धपाटे घातल्याशिवाय येतच नाही. तू नाही का शिकलीस?"

दर्शनाला इतकं हलकं वाटलं की तिने फोनवरच दोनदा आभार मानले.

"शाळेने तर शहाडचं नाव दिलं होतं," रात्री जेवताना मयूर म्हणाला.

"ठाण्यात जास्त अनुभवी माणसं असतात."

मयूरने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ताट उचलून आत नेऊन ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी दर्शनाने तपासणीची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. आता तपासणीची कसली आलीय तयारी? पण बाईंसमोर पोरीने लाज काढायला नको, म्हणून तिने वीस शब्द निवडले होते. पहिले सहा बरोबर आले. सातवा लिहून झाला आणि जागृती थबकली. चुकलाय, हे तिला दर्शनाच्या चेहऱ्यावरून कळलं. दर्शनाचा हात वर गेलाच होता.

जागृतीने पेन्सिल नीट बाजूला ठेवली आणि स्वतःच्याच गालावर फाडकन चापट मारली. मग दुसऱ्या गालावर. मग मूठ वळून कपाळावर, टेंगळावरच, तीनदा. दात खाऊन मारत होती, सगळा जोर काढून, अगदी दर्शनासारखी. नखाने ओठ फाटला. वहीवर रक्त ठिबकलं, ते तिने मनगटाने पुसलं.

"झालं, मम्मी," ती म्हणाली. "पुढचा शब्द सांग."

दर्शनाचा हात तसाच राहिला. सगुणा दारात येऊन उभी होती. तिने पोरीला जवळ ओढलं, पदराने तिचा ओठ दाबून धरला.

"शिकली बघ तुझी पोर," ती सुनेला म्हणाली.

दर्शना बाथरूममध्ये गेली आणि भडाभडा ओकली. नळ चालू ठेवून बराच वेळ फरशीवर बसून राहिली. मग तोंड न पुसताच तिने शहाडला फोन लावला.

"सर, उद्याची वेळ मिळेल?"

"साडेअकराला या."

"आई बाहेरच बसते ना?"

"हो."

"दार लावलेलं असतं?"

"असतं. का हो?"

"काही नाही. येतो आम्ही."

कोपरीच्या बाईंना तिने नुसता मेसेज टाकला, येणं जमत नाही म्हणून.

शनिवारी तिघं शहाडला गेली. हरिहर सर पन्नाशीचे, बुटके, हळू बोलणारे होते. त्यांनी जागृतीच्या ओठावरची खपली पाहिली, कपाळ पाहिलं, आणि त्यांची नजर सरळ मयूरच्या मनगटावर गेली.

"घरी हात कोण उचलतं?"

"मी," मयूर म्हणाला.

दर्शनाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता. आता नुसतं गप्प बसलं की झालं. सरांना ते पटलेलंच होतं, शाळेलाही पटलं असतं, गावात तर कुणी भुवईही उंचावली नसती.

"नाही सर. ह्याने आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही तिला. मी मारते. पट्टीने मारते. डोकं आपटलंय. ओठ तिने स्वतः फोडून घेतला, पण तेही माझंच."

सरांनी आता दर्शनाकडे पाहिलं.

"सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "ह्यावर आपल्याला बोलावं लागणार आहे, एकदा नाही, पुष्कळदा. आता मला तिचं ऐकू द्या."

त्यांनी उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. जागृती जागची हलली नाही.

"जा," दर्शना म्हणाली. "सर विचारतील ते सगळं सांग."

"सगळं?"

"सगळं. मी रागावणार नाही."

जागृतीने जरा विचार केला.

"मग घरी गेल्यावर?"

दर्शनाला शपथ घालायची होती. पण असल्या शपथा तिने बाथरूममध्ये नळ सोडून पुष्कळ घेतल्या होत्या, आणि त्या दुसऱ्या संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"घरी तू आणि पप्पा जाल," ती म्हणाली. "मी थोडे दिवस माझ्या आईकडे राहते."

मयूरने चमकून वर पाहिलं. दर्शना पोरीकडे बघत राहिली. आता ती रडेल, बिलगेल, नको ना जाऊस म्हणेल, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर ती त्याचीच वाट बघत होती.

"आजच?" जागृतीने विचारलं.

"आजच."

"बरं," ती म्हणाली, आणि सरांच्या आधी आत गेली.