दोन दिवसांपुरतं डायरेक्ट

कामरगावात कुणाच्या घरातलं विजेचं काहीही बिघडलं, की तोंडातून पहिला शब्द निघतो तो "डायरेक्ट". पंख्याचं बटण तुटलं, डायरेक्ट करा. मोटारीचा स्टार्टर बसला, डायरेक्ट करा. म्हणजे बटण नुसतं नावाला ठेवायचं, आतल्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि "दोन दिवस चालू द्या" म्हणून मोकळं व्हायचं. आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत हो? तुमच्या-माझ्या घरातही अशी एखादी दोन दिवसांची वायर वर्षानुवर्षं लोंबकळत असेलच. जरा शोधून पाहा.

या कामात नरेंद्रचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत एका बाजूला त्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला त्याच्या आईचं, भागिरथाबाईचं, शिलाई मशीन. उन्हानं चिकटपट्टी सुटते म्हणून नरेंद्र जोडावर पट्टी गुंडाळायचा आणि तिच्यावरून आईच्या रिळाचा लाल धागा करकचून बांधायचा. दुसरं कुणी असं करत नसे. लाल धागा दिसला की लोक ओळखायचे, हे नरेंद्रचं काम.

एप्रिलातल्या त्या सकाळी पोस्टात कामाला असलेली अंजू आपला मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन आली. बंदच पडला होता. तिच्या सासूला, सोनीबाईला, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, हात थरथरतात. तिला गॅस पेटवू देणं जिवावरचं, म्हणून तर ओव्हन घेतला होता. अंजू ड्युटीवर असली की म्हातारी चाचपत वाटी आत ठेवायची, एक बटण दाबायची आणि दार उघडून गरम वरण-भात खायची. दोन दिवसांपासून ती गारढोण जेवत होती. अंजू घाईत होती. नवीन भाग आणायला वेळ लागत असेल तर तूर्तास डायरेक्ट करून द्या, भाऊ, असं तीच म्हणाली आणि संध्याकाळी न्यायला येते सांगून गेली.

नरेंद्रनं पिन काढून ओव्हन उघडला. दोष सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दाराच्या आकड्यामागे लहान लहान स्विच असतात. दार लागलं की ते दाबले जातात आणि ओव्हन चालतो. दार उघडलं की तो तिथल्या तिथे थांबतो. त्यातला वरचा, म्हणजे ओव्हन थांबवणारा मुख्य स्विच, जळाला होता. तसला स्विच कारंज्याला मिळाला असता, पण जाण्यायेण्यात दुपार गेली असती. नरेंद्रनं दोन वायरी सोलल्या, पीळ दिला, पट्टी गुंडाळली आणि मागे न बघताच हात लांबवला.

"माय, लाल धागा दे वं."

मशीन थांबलं. धागा काही हातात आला नाही. त्यानं वळून पाहिलं तर भागिरथाबाई मशीनच्या खणात काहीतरी शोधत होती. कापडाची एक पुरचुंडी तिनं काढली आणि त्याच्यासमोर सोडली. आत वीतभर वायर होती. काळी पट्टी, अर्धी सुटलेली, आणि तिच्यावर लाल धागा.

नरेंद्रनं पेचकस बाजूला ठेवला आणि ती वायर उचलली.

ती वायर कुठली हे विचारायची त्याला गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी, असाच उन्हाळा. इंझोरीला दिलेली त्याची थोरली बहीण उज्ज्वला शेतात गेली होती, भाऊजी राजपाल कामावर. नरेंद्र तिच्याकडे गेला तर घरचा कूलर बटण बिघडून बंद पडलेला. ताई उन्हातून येईल, तिला गार हवा लागेल, म्हणून नरेंद्रनं तो डायरेक्ट केला आणि कुणाला काही न सांगता दुसऱ्या कामाला निघून गेला. दोन दिवसांनी बटण बसवणारच होता ना! ती ताई, जिनं त्याला पहिला टेस्टर आणून दिला होता. तो टेस्टर आजही त्याच्या खिशाला होता.

दोन दिवस काही भरले नाहीत. दुसऱ्याच दुपारी लाईन गेली. उज्ज्वलानं कूलरमध्ये पाणी भरायला घेतलं आणि आपल्या बारा वर्षांच्या लेकीला, धम्मदीपाला, सांगितलं, लाईन यायच्या आधी बटण बंद कर. पोरीनं केलं. मग लाईन आली आणि अर्ध्या सुटलेल्या पट्टीतून करंट पत्र्यात उतरला. ओल्या पत्र्याला हात लागलेला होता. उज्ज्वला गेली.

पोरगी रडून रडून सांगत होती, मी बटण बंद केलं होतं. कुणी ऐकलं नाही. लेकरू आहे, विसरलं असेल, आता तिला बोलू नका, असं म्हणत सगळ्यांनी तिला माफ करून टाकलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी! नरेंद्रही त्या गर्दीत उभा होता. त्याला ठाऊक होतं. तरी तो तोंड शिवून उभा राहिला.

"तुले कवापासून मालूम हाय?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून. कूलर आंगनात टाकला होता. माह्याच रिळाचा धागा मी नाई वळखनार का?" भागिरथाबाई म्हणाली. "एक लेकरू गेलं होतं, दुसरं गमवाची हिंमत नाई झाली. गप राह्यली. तेच चुकलं माहं. मले वाटलं, आता तरी हा सोडंल. पन तू तं अजून धागा मांगून राह्यला."

नरेंद्र खाली मान घालून रडत होता. तिनं त्याला रडू दिलं, पण बोलायची थांबली नाही.

"अंजूच्या सासूले दिसत नाई. दार उघडलं का मशीन बंद होते, एवढंच तिले मालूम. त्याच भरवशावर ते म्हातारी आत हात घालते. अन् तू तोच भरवसा कापून राह्यला. माही उज्ज्वलाबी भरवशावरच गेली, नरू. पोरीनं बटन बंद केलंतं."

त्यानं वायरींचा पीळ सोडवला. मिळेल ती जीप धरून तो कारंज्याला गेला, त्याच नंबरचा स्विच शोधून आणला आणि नीट बसवला. आत पाण्याचा ग्लास ठेवून ओव्हन सुरू केला आणि मध्येच दार उघडलं. टक आवाज झाला, घरघर थांबली. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. प्रत्येक वेळी थांबली. एवढंच तर हवं होतं त्या दुपारी! संध्याकाळी अंजूला त्यानं सगळं सांगितलं. डायरेक्ट करा म्हणणारी आपणच होतो हे आठवून ती बिचारी ओव्हन उचलायचंच विसरली.

दुसऱ्या दिवशी ती वायर घेऊन नरेंद्र इंझोरीला गेला. राजपालच्या समोर त्यानं ती ठेवली आणि होतं ते सांगितलं. राजपालनं वायर हातात घेऊन पाहिली, खाली ठेवली आणि बाहेर जाऊन ओट्यावर पाठमोरा बसला.

धम्मदीपा दारात उभी होती. चौदा वर्षांची झालेली, आईच्याच चणीची. दोन वर्षांत तिनं घरातल्या एकाही बटणाला हात लावला नव्हता. दिवा लावायचा तरी बापाला हाक मारायची.

"मंग मी बंद केलंतं ना, मामा?"

"केलंतं, बेटा. तू बराबर बंद केलंतं. डायरेक्ट मी केलंतं."

"मी सांगत होती," ती म्हणाली. "मी सगळ्याइले सांगत होती." आणि भिंतीला टेकून खाली बसली. दोन वर्षं ती भीतीनं रडत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती आईसाठी रडली.

राजपाल अजूनही नरेंद्रशी बोलत नाही, आणि नरेंद्र त्याबद्दल तक्रार करत नाही. त्याच्या दुकानाच्या दारावर आता खडूनं लिहिलेलं आहे: बटण बदलून मिळेल, डायरेक्ट करून मिळणार नाही. काही गिऱ्हाईकं रागावून दुसरीकडे जातात.

मंडळी, बटण म्हणजे माणसाला दिलेला शब्द असतो. बंद केलं म्हणजे बंद, दार उघडलं म्हणजे थांबलं. घरातलं लेकरू आणि डोळ्यांनी अधू म्हातारी त्या शब्दावर विसंबून हात पुढे करतात. आपली सोय व्हावी म्हणून तो शब्द परस्पर मोडायचा आपल्याला अधिकार नाही, दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. आणि मोडलाच असेल, तर ते कबूल करायला दोन वर्षं लावू नका. कुठेतरी एखादी पोर खरं सांगत असते, आणि तिचं कुणी ऐकत नसतं.