नकाराच्या अकरा चिठ्ठ्या

करार लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून लोक त्यांना करारवाले म्हणत. वकिलीची सनद भिंतीवर टांगलेली होती, पण कोर्टात ते शेवटचे कधी उभे राहिले हे त्यांच्या काळ्या कोटालाही आठवलं नसतं. त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं: ज्यांना माणसं कामाला हवी असतात आणि नोकरीला नको असतात. अशा लोकांचा तुटवडा कधीच पडत नाही.

त्यांच्या करारात मुद्द्याचं वाक्य एकच असे: हा इसम स्वतंत्र व्यावसायिक असून कंपनीचा नोकर नाही. उरलेली सोळा पानं म्हणजे त्या वाक्याभोवतीचं कुंपण. कंपनीचा शर्ट अंगात असला तर तो 'स्वेच्छेने' घातलेला. रोज नऊच्या ठोक्याला हजर झाला तर ती 'त्याची सोय'.

पण खरी करामत कागदाबाहेर होती. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीला त्यांनी सांगितलं, "स्वतंत्र माणसाची खूण काय? तो कामाला नाही म्हणू शकतो. मग वर्षातून एकदा प्रत्येकाकडून लेखी नाही म्हणवून घ्या." तेव्हापासून दर वर्षाअखेरीला कंपनीत नकाराचा दिवस उगवू लागला. कारकूनबाई एकेकाला खोट्या पत्त्यावरचं खोटं काम द्यायच्या, तो 'मला जमणार नाही' असं लिहून सही ठोकायचा आणि तिथल्या तिथे खरं काम घेऊन पळायचा. जो नकार द्यायला नकार देईल, त्याला दुसऱ्या दिवसापासून काम बंद. करारवाल्यांना या युक्तीचा मोठा अभिमान. ती त्यांनी पुढे आणखी सहा कंपन्यांना शिकवली.

अकरा वर्षांपूर्वी याच लिफ्टच्या कंपनीत त्यांनी आपल्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, चिकटवून दिलं होतं. भाऊजी कामाला वाघ. नुसता आवाज ऐकून लिफ्टचं दुखणं सांगायचे. गेल्या महिन्यात एका इमारतीच्या गच्चीवर, कप्पी आणि लोखंडी दोराच्या मध्ये, त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. दोन गेली. तिसरं ठेवायचं की नाही यावर डॉक्टरांचं अजून एकमत होत नव्हतं. कंपनीने आधी फुलं पाठवली आणि आठ दिवसांनी पत्र: आपण आमचे कामगार नसल्याने आपल्या दुखापतीशी आमचा संबंध येत नाही.

ते पत्र घेऊन ताई भावाच्या कचेरीत आली. समोरची खुर्ची गिऱ्हाइकांची म्हणून तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. भाऊजी मात्र ऐसपैस खुर्चीत बसले, पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवून.

"हे तू लिहिलंयस का रे?"

"नाही गं ताई. पत्र त्यांचं आहे."

"भाषा तुझीच वाटली. लहानपणी बरणी फोडलीस तरी म्हणायचास, बरणी पडली. पाडली असं कधी तोंडातून निघालं नाही."

"अगं, आल्या आल्या काय सुरू केलंस," भाऊजी म्हणाले. "मेव्हणे, तुम्ही मनावर घेऊ नका. पण ही गाठ तुमच्या हातची आहे. दुसऱ्या कुणाच्या बापाला सुटायची नाही."

"कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केलाय," ताई म्हणाली. "तो म्हणाला, ह्यांना कंपनीचा माणूस ठरवलं तर औषधपाणी कंपनीकडे, आणि बसून करायचं काम द्यावं लागेल त्यांना. आणि नाही ठरवलं, तर…"

ताईला वाक्य अर्धं सोडायची सवय नव्हती.

करारवाल्यांनी चार दिवस स्वतःचाच करार वाचला. आपल्याच घरात चोर होऊन शिरायला खिडकी शोधावी, तसे ते एकेक कलम चाचपत होते. जिथे म्हणून फट असायला हवी, तिथे त्यांनीच आधी खिळा मारून ठेवलेला. भाऊजींच्या नकाराच्या अकरा चिठ्ठ्या कंपनीने अर्जाला दिलेल्या उत्तराला जोडलेल्या होत्या. अकरा वर्षांत अकरा वेळा या माणसाने खुशाल काम नाकारलं, असा नोकर कुठे असतो?

पाचव्या दिवशी त्यांना आठवलं. पाचव्या वर्षी भाऊजींनी चिठ्ठीवर भलतंच कारण लिहिलं होतं: 'दिलेल्या पत्त्यावर जाऊन आलो. इमारत बैठी आहे. लिफ्ट नाही.' खोटं काम नाकारायच्या आधी गडी ते बघून आला होता. जोडलेल्या अकरांत त्या वर्षीची चिठ्ठी नुसत्या 'जमणार नाही'ची होती. ती मूळची एक मिळाली, तर सगळं नाटक उघडं पडलं असतं. ते तडक कंपनीत गेले.

कारकूनबाईंनी फाईल उघडायची तसदीसुद्धा घेतली नाही. "साहेब, ती तुम्हीच फाडायला लावली होतीत. नवी लिहून घेतली. तुम्ही म्हणालात, कारण लिहू देऊ नका, ही माणसं कारण लिहायला बसली की खरं बोलतात. किती हसलो होतो आपण."

त्यांना ते हसणंही आठवलं.

मग उरलं एकच. स्वतः उभं राहून सांगायचं. करारवाल्यांनी मनात ताळेबंद मांडला. बोललो तर ही कंपनी जाणार, बाकीच्या सहा जाणार, अशिलाचं गुपित फोडलं म्हणून सनदेवर किटाळ येणार. न बोललो तर ताई. ताईच्या रकान्यात दुसरं काही लिहायची गरज पडली नाही.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, पाच खुर्च्या आणि मधेच अडखळणारा पंखा होता. कंपनीचा मॅनेजर एकटाच आला होता, एवढा निवांत की वकीलही आणला नव्हता. करारवाले उठले.

"साहेब, या चिठ्ठ्या खोट्या आहेत. त्यातली कामं खोटी, पत्ते खोटे. ही युक्ती मीच कंपनीला शिकवली."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "तुम्ही कंपनीचे वकील?"

"होतो. आत्तापर्यंत."

"आणि अर्जदाराचे कोण?"

"मेव्हणा."

अधिकाऱ्याने पेन पुन्हा उचललं आणि त्याचं टोपण लावलं. मॅनेजरने कराराचं शेवटचं पान काढून त्याच्यापुढे सरकवलं. बेचाळिसावं कलम: सही करण्यापूर्वी मी माझ्या पसंतीच्या, माझं हित पाहणाऱ्या जाणकाराचा सल्ला घेतला आहे.

"ते सगळ्यांच्याच करारात असतं," करारवाले म्हणाले. "सल्ला कुणी घेत नाही. घेत नाहीत म्हणूनच ते कलम घातलंय."

"अर्जदारांनाच विचारू," अधिकारी म्हणाला. "घेतला होतात सल्ला?"

भाऊजी खुर्चीत ताठ झाले. आजवर त्यांना इतक्या आदराने कुणी काही विचारलं नसावं. "घेतला होता की. ह्यांचाच. घरी आले, सगळी पानं वाचून दाखवायला बसले. मीच म्हटलं, राहू द्या हो. तेव्हा म्हणाले, डोळे मिटून सही करा भाऊजी, मी आहे. असा वकील कुणाच्या घरात असतो, साहेब?"

"सहीसाठी कुणी जबरदस्ती केली?"

"छे, छे. आमच्यावर कोण जबरदस्ती करतंय."

अधिकाऱ्याने टोपण काढलं आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. निकाल त्याच बैठकीत झाला. अर्जदाराने जाणकार नातेवाइकाच्या सल्ल्याने राजीखुशीने सही केली, त्याच नातेवाइकाची आजची साक्ष आपुलकीपोटी दिलेली असल्याने ती धरता येत नाही, अर्ज नामंजूर. वर अपील करता येईल, असंही त्याने सांगितलं. करारवाल्यांना ठाऊक होतं, वरच्या कचेरीतले सफाईवाले आणि टंकलेखक त्यांच्याच नमुन्यावर सह्या करून कामाला लागले होते.

मॅनेजर जाता जाता त्यांच्यापाशी थांबला. "राग मानू नका. तुम्ही गेलात तरी करार मात्र आम्ही हाच ठेवणार. मजबूत आहे."

बाहेरच्या बोळात भाऊजींनी चांगल्या हाताने मेव्हण्याची बाही धरली. "बरं बोललो ना? तुमच्यावर काही येऊ नये म्हणून जपून बोललो."

"बरं बोललात."

ताईने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग भाऊजींच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली. "तू येऊ नकोस मागे. आमचं आम्ही जातो."

लिफ्ट खालून वर येत होती. भाऊजी दारापाशी मान कलती करून उभे राहिले. "दोर घासतोय. दोन आठवडे काढेल, फार तर. वॉचमनला सांगून येतो."

"चला," ताई म्हणाली. "आपण जिन्याने जाऊ."

"अगं, माणसं चढतात यात. एक मिनिट."

ती थांबली नाही. भाऊजी क्षणभर लिफ्टकडे आणि क्षणभर तिच्या पाठीकडे बघत राहिले, मग डाव्या हाताने कठडा शोधत तिच्या मागोमाग उतरू लागले. लिफ्टचं दार उघडलं. करारवाल्यांना खालीच जायचं होतं. ते आत शिरले नाहीत, जिन्याकडेही वळले नाहीत.