तिसरा फोटो

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक प्रौढ बाई मान मागे टेकून बसली होती, डावी पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरलेली. पांढऱ्या कोटातल्या गुरुजींनी स्टीलच्या डब्यातून काळी गुळगुळीत शिळा काढली, पापणीवर ठेवली आणि पाच मिनिटं ओठ हलवत राहिले. शिळा उचलली, तर बाईचा डोळा टक्क उघडा. पुढच्या रांगेनं हात जोडले, मागची रांग खुर्च्यांवर चढली. फोटोवाल्यानं बटण दाबलं.

हा फोटोवाला चौकातल्या स्टुडिओचा मालक. दर रविवारी सकाळी इथे भरणाऱ्या शिबिरात प्रत्येक रुग्णाचे दोन फोटो काढायचे, एक आधीचा आणि एक नंतरचा, एवढंच त्याचं काम. गुरुजींना आपण शिळाबुवा म्हणू, कारण डोळ्यांच्या शास्त्राशी त्यांचा संबंध त्या कोटापुरताच होता. बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. स्नायू झोपलेत, शिळेतली लहर त्यांना हाका मारते, असं ते सांगत. "मी कोण? मी नुसता डबा उघडणारा." त्यांच्या भाषणातलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

आज दुसरा नंबर फोटोवाल्याच्या थोरल्या बहिणीचा होता. ताई शिवणकाम करायची. आठ महिन्यांपूर्वी तिला एकाच्या दोन सुया दिसू लागल्या आणि संध्याकाळ झाली की पापणी गळायची. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच स्नायूंवर उलटली आहे. नसेचा निरोप स्नायूला धड पोहोचत नाही, म्हणून तो वापरला की थकतो. गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील आणि चुकवून चालणार नाही. असं ऐकायला कोणाला आवडतं? बाजारात तेलं होती, चुंबकाचे चष्मे होते, परदेशी थेंब होते. ताईनं सगळे उंबरठे झिजवले. शेवटी भावानंच तिला इथे आणलं, कारण त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ताईचाही डोळा उघडला. कॅमेऱ्यामागे फोटोवाल्याला रडू आवरेना.

"गोळ्या आजपासून बंद," शिळाबुवा म्हणाले. "गोळी आणि शिळा एका घरात नांदत नाहीत." मग त्यांनी लगेच डोळ्यावर पट्टी बांधली. ती रोज बांधायची, फक्त सकाळी थोडा वेळ सोडायची, दुपारनंतर आरशात पाहायचं नाही, असं चाळीस दिवस. तरी डोळा पडलाच तर रुग्णाची श्रद्धा कमी पडली. बुवांनी स्वतःला हरायला जागाच ठेवली नव्हती.

नवव्या दिवशी संध्याकाळी ताईला पाणी पिताना ठसका लागला आणि पाणी नाकातून आलं. आवाजही गेंगाणा झाला होता. भाऊ घाबरून म्हणाला, दवाखान्यात चल. ती पट्टी घट्ट करत म्हणाली, "चाळीस दिवस तर होऊ दे. माझा डोळा उघडला होता ना? फोटो तूच काढलास."

त्यानं गाडी बोलावली आणि तिला जवळजवळ ओढतच नेलं.

डॉक्टरबाईंनी तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. ताईचा श्वास अकरावरच संपला. श्वासाचे स्नायूही थकलेत म्हणत बाईंनी तिथल्या तिथे तिला दाखल करायला सांगितलं, पण ताई शिळेवर आणि भावानं काढलेल्या दोन फोटोंवर अडून बसली. वाद घालत बसायला वेळ नव्हता. खाट तयार होईपर्यंत बाईंनी फ्रिजमधला बर्फ हातमोज्यात भरला आणि तिच्या पापणीवर दोन मिनिटं धरला. डोळा उघडला, अगदी शिळेनं उघडला होता तसाच.

"गारव्यानं निरोप थोडा वेळ नीट पोहोचतो," बाई म्हणाल्या. "ही आमची रोग ओळखायची खूण आहे. इलाज नाही. आता बघत राहा."

काही मिनिटांतच पापणी उतरली. पट्टी ही पुन्हा पडलेली पापणी झाकायलाच होती, हे फोटोवाल्याला तेव्हा कळलं.

"काढा फोटो," बाई म्हणाल्या. "दोन काढलेत ना? हाही तुम्हीच काढा." त्यानं मोबाइलवर तो काढला.

रविवारी तो शिबिरात गेला तेव्हा ताई अतिदक्षता विभागात होती आणि तिचा श्वास यंत्र घेत होतं. व्यासपीठावर एका निवृत्त पोस्टमनकाकांचा डोळा नुकताच उघडला होता. बुवांनी पट्टी उचलली.

"थांबा," फोटोवाला म्हणाला. "अजून एक फोटो राहिलाय."

"फोटो दोनच असतात."

"आज तीन. काका, जरा वर पंख्याकडे बघत राहा."

उजेडानं लहर उडून जाईल, असं बुवा ओरडले. दोन स्वयंसेवक पुढे आले. तेवढ्यात काकाच म्हणाले, "डोळा बरा झालाय तर पट्टी कशाला? बघतो की मी."

काका पंख्याकडे पाहत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. पापणी थोडी हलली, मग हळूहळू उतरत गेली आणि अर्ध्या डोळ्यावर येऊन थांबली. त्यानं बटण दाबलं.

"श्रद्धा डळमळली," बुवा पुटपुटले.

फोटोवाल्यानं स्टीलच्या डब्यातला वरचा कप्पा उचलला. खाली बर्फाच्या वड्या होत्या. दोन वड्या रुमालात बांधून त्यानं काकांच्या पापणीवर धरल्या. थोड्या वेळानं रुमाल काढला, तर डोळा पुन्हा उघडा.

"आता ही श्रद्धा कुठून आली?" त्यानं विचारलं.

बुवा मागच्या दारानं निघून गेले. काही लोक हसले, काही खाली मान घालून उठले. एका बाईनं मात्र जाता जाता विचारलंच, की ती शिळा विकत मिळेल का.

ताई तीन आठवड्यांनी घरी आली. गोळ्या आता ठरल्या वेळेला घेते, शिलाई सकाळी करते आणि डोळा दमला की थांबते. भावानं स्टुडिओच्या काचेत तिचे तिन्ही फोटो लावायचे ठरवले आणि तिला भीत भीत विचारलं. तिनं पडलेल्या पापणीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा मोठा करून लाव," ती म्हणाली.

त्या फोटोखाली त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: पहिले दोन फोटो मीच काढले आणि मीच फसलो. चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी दहा मिनिटं तिथेच थांबा, पुढे काय होतं ते पाहा. आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.