झऱ्यापाशी सहा दगड

नदीकाठचं रान वाचवायला निघालेली ती मंडळी देवमाणसं होती, हे आधी सांगून टाकतो. पुढे विज्ञानाच्या निवृत्त बाई, मागे प्लंबर, शिंपीणकाकू आणि वीसेक मुलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाई पात्रातले दगड उचलून दाखवायच्या. खाली तीन शेपट्यांचे बारीक किडे असले, तर पाणी निर्मळ. घाणीत ते तगत नाहीत. मग काठावर हिरवी पाटी लागायची आणि महिनाभर मुलं खुशाल पोहायची. त्यांत बाईंची नातही.

बाईंचा जीव कोवळा. दगड उलटला की किड्यांचा संसार मोडतो, म्हणून त्यांनी नियम घातला: उचलायचे ते मोठ्या झाडाच्या सावलीतले सहाच दगड, आणि ठेवायचे जसेच्या तसे. बाकी नदीला हात लावायचा नाही. दया थोर खरी, पण दयेला डोळे नसले तर ती कुणाच्या पायावर पडेल, सांगता येत नाही.

त्या रविवारी रानात पाखरू बोलत नव्हतं. शिंपीणकाकूंनी दोनदा तसं म्हटलंही; बाई मोजत राहिल्या. सहा दगड, एकेचाळीस किडे. हिरवी पाटी लागली, मुलं खालच्या डोहाकडे पळाली.

निघता निघता प्लंबर घसरला आणि पाण्यात बसला. नळवाल्यालाच पाण्याचं वावडं, असं बाई म्हणाल्या. तो हसला नाही. त्याचा एक हात त्या दगडांपाशी होता, दुसरा प्रवाहात.

"बाई, इथलं पाणी गार लागतंय आणि तिथलं कोमट. इथे खालून दुसरं पाणी येतंय."

खडकातून झरा फुटला होता आणि सहाही दगड त्याच्या तोंडाशी होते. दोन वर्षं मंडळी झरा मोजत होती, नदी नव्हे.

बाईंनी स्वतःचाच नियम मोडला. प्रवाहातला एक दगड उलटला. खाली काही नाही. दुसरा उलटला. तिसऱ्याला बुळबुळीत करडा थर होता, त्याचा वास नाकात बसला. पन्नास पावलांत जिवंत असं काही सापडलं नाही. डोहाकडून मात्र हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता.

बाई धावत गेल्या, मुलांना हाका मारमारून बाहेर काढलं. मुलं कुरकुरत आली. नात सगळ्यांत शेवटी. तिचे डोळे लाल, कोपरापासून मनगटापर्यंत पुरळ.

"हे कधीपासून गं?"

"झाला महिना. सगळ्यांनाच येतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

नात गोंधळून पाहत राहिली. "आजी, पाणी चांगलं आहे असं तूच सांगितलंस ना? मला वाटलं, आमचंच काहीतरी चुकतंय."

बाईंनी मुलांना ओळीत उभं केलं आणि एकेकाचे हात उलटेपालटे करून पाहू लागल्या. अकराव्या मुलापर्यंत एकही हात कोरा निघाला नव्हता, आणि रांग अजून बाकी होती.