म्होरक्याचा राजीनामा

“आधी अंक जुळव, मग सुई उचल.” बाबांनी हे इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ग्रंथालयाच्या बांधणीखोलीत बसलं की ताईच्या कानात अजूनही ते घुमायचं. आणि त्याच बाबांनी धाकट्यासाठी बांधलेल्या कॉमिकच्या जाड गठ्ठ्यानं आज सकाळपासून तिचं डोकं उठवलं होतं.

धाकट्याच्या डोळ्यांच्या पडद्याचं कालच ऑपरेशन झालेलं. आठवडाभर पट्टी बांधून पालथं पडून राहायचं. नजर कितपत परत येईल, डॉक्टर सांगायला तयार नव्हते. त्यानं मागितलं ते एवढंच, की ताईनं येऊन हे वाचून दाखवावं. शिवण सैल झालेली, म्हणून तिनं दोरा कापून टाकला आणि एकदा नजरेखालून घालावं म्हणून पानं उलटू लागली.

सहा महाबली. जग बुडायला आलेलं आणि यांची बैठक संपता संपत नाही. चौथ्या पानावर म्होरक्या राजीनामा फेकून चालता होतो. मग तीन नवी पोरं येतात, दर अंकात कपडे बदलतात, उठल्याबसल्या भांडतात. आणि सातव्या अंकात म्होरक्या हजर, जुन्याच झग्यात. कुठे उलथला होतास, असं कुणी विचारतसुद्धा नाही.

वैतागून तिनं कोपऱ्यातले आकडे पाहिले. गठ्ठ्यातले पहिले सहा अंक एक ते सहा. नंतरचे अडतीस ते त्रेचाळीस. नवी फळी आणताना प्रकाशकानं मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली होती, आणि बाबांनी एक दिसला म्हणून ते अंक आधी लावून जुने, अडतीसपासूनचे, मागे टाकले होते. जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावणारा माणूस. खरं तर म्होरक्या गेला तो गेलाच होता.

तिनं फोन लावला. “अरे, बाबांनी उलटसुलट बांधलंय हे. नीट लावून आणते.”

“नको गं.” उशीत तोंड असल्यानं त्याचा आवाज दबका येत होता. “माहितीये मला. आठवीतच आकडे पाहिले होते.”

“मग बोलला का नाहीस?”

“इतक्या कौतुकानं बांधून आणलं होतं त्यांनी. आणि आपल्या पुस्तकात तो परत येतो, ताई. शेवटी सहाही जण गच्चीवर उभे असतात. तसंच वाच.”

“चुकीचं वाचू?”

“नीट लावलंस तर शेवटी गच्चीवर नुसती नवी पोरं उरतात. ती नकोत मला. या आठवड्यात तरी नकोत.”

“गाढवा,” ती हळूच म्हणाली, “बरं. तसंच वाचीन.”

सुई मात्र तिनं डबीतून काढली नाही. चुकीच्या क्रमावर टाका घालायला तिचा हात धजेना. एक ते सहा वर ठेवले, अडतीस ते त्रेचाळीस खाली, गठ्ठ्याला नाडी बांधली. अर्ध्या दिवसाच्या रजेची चिठ्ठी ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवून, गठ्ठा पोटाशी धरून ती दवाखान्याच्या बसकडे निघाली.