हिरव्या गांधीलमाशीचं लेबल

आंब्याच्या पानावर गाठी कोण करतं, हा प्रश्न बहुतेक घरांत निघत नाही. या घरात तो सहा वर्षं सकाळच्या चहाला हजर होता.

सासरे निवृत्त प्राध्यापक. कॉलेजच्या कीटकसंग्रहात, तिसऱ्या कपाटात, मोहरीच्या दाण्याएवढी चकचकीत हिरवी गांधीलमाशी होती आणि तिच्याखाली लेबल होतं: ‘आंब्याच्या पानावर गाठी करणारी’. त्याखाली सासऱ्यांचं नाव. सून त्याच विभागात प्रयोगशाळा सहायक. संग्रहातली हजारभर लेबलं तिच्या अक्षरात होती आणि तिचं नाव एकाही लेबलावर नव्हतं. कारण लेबल लिहिणं ही नोकरी आणि लेबलावर असणं ही विद्वत्ता. घरी ती सासऱ्यांना बाबा म्हणे, कॉलेजात सर. तेही घरी सूनबाईला अगं-तुगं करत आणि कॉलेजात अहो बाई म्हणत. ही सरहद्द दोघांनी कधी ओलांडली नव्हती.

तिचं म्हणणं एवढंच, की हिरवी गांधीलमाशी गाठ करतच नाही. गाठ करते चिलटाहून नाजूक अशी एक माशी. तिची अळी पानात बसते आणि पान बिचारं तिच्याभोवती खोली बांधून देतं. हिरवी मागाहून येऊन त्या खोलीत अंडं घालते आणि तिचं पोर आतल्या अळीला खाऊन मोठं होतं. थोडक्यात, बाबांनी खुनाच्या जागी सापडलेल्याला घरमालक ठरवलं होतं.

चूक कशी झाली तेही तिने शोधलं होतं. नमुने गोळा करायची सहल परीक्षा संपल्यावर निघे. तोवर गाठी चांगल्या टपोऱ्या झालेल्या असत. बाटलीत भरल्या की आठवड्यात हिरव्या बाहेर पडत आणि सगळे धन्य होत. माश्या आधीच उडून गेलेल्या असत. त्यांना कॉलेजचं वेळापत्रक कोणी कळवलं नव्हतं.

हे सगळं चहाबरोबर गिळता आलं असतं. पण संग्रहाची सूची छापायला जायची तारीख ठरली. सूची बागखात्याकडेही जाणार होती, आणि बागखातं नाव वाचून फवारतं. झाडाच्या बाजूने लढणाऱ्या एकुलत्या एका किड्याला सरकारी औषध बसणार होतं. तिने विभागप्रमुखांना लेबल बदलायला सांगितलं. त्यांनी सरांची सही आणा म्हटलं. सरांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता माशी दाखव म्हटलं. हाताशी बारा दिवस होते.

तिने कोवळ्या, हिरव्या गाठींची पानं आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत अठरा बाटल्या मांडल्या. प्रयोगशाळा साडेदहाला उघडते आणि तिच्या अंदाजाने माशी उजाडताना निघत होती; तेवढ्यासाठी विभागाची किल्ली मागायची तर तीन सह्या लागल्या असत्या. आठवडाभर ती पहाटे उठून बाटल्यांसमोर बसली. गाठींना भोकं पडत, पण माशी दिसेना. आठव्या दिवशी तिने बाटलीच्या तोंडावरचं फडकं उजेडासमोर धरलं. त्याच्या विणीतून माशीच काय, तिचं सगळं खानदान आरामात गेलं असतं. तिने कपाट उघडलं आणि नवऱ्याचा सगळ्यात घट्ट विणीचा शर्ट कापला. नवऱ्याने ऑफिसला जाताना फक्त विचारलं, की पँटवर तर डोळा नाही ना.

शेवटच्या दिवशी उजाडताना एका गाठीतून काहीतरी पांढरं डोकावलं. ते अर्धं बाहेर येऊन उकललं, आणि त्यातून पायच पाय असलेली एक माशी निघून काचेवर चढली.

तिने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. “सर, इकडे या.”

घरात सर ऐकून ते चष्म्याआधी भिंग शोधत आले. बराच वेळ वाकून बसले. मग शेजारच्या पानावर बोट ठेवलं, तिथून हिरवी निघाली होती.

“तिचं भोक बघा,” ती म्हणाली. “कुरतडलेलं, गोल, रिकामं. आणि हिच्या दारात कोषाचं टरफल अडकलंय.”

“एक गाठ म्हणजे बातमी. पुरावा नव्हे, बाई.”

“किती हव्यात?”

“पन्नास.”

तिने त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. आठवडाभरात माश्या निसटून गेलेल्या, दारात टरफल अडकलेल्या गाठी त्यांनी स्वतः मोजल्या, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. चहावर साय आली. पन्नास झाल्यावरही थांबेनात. एकसष्टाला मान वर केली आणि खिशातून पेन काढलं. कोऱ्या लेबलावर ते टेकवलं, आणि लेबलं तिच्या अक्षरात असतात हे आठवलं. पेन त्यांनी तिच्याकडे सरकवलं.

“हिरवीखाली लिहा, गाठीतली अळी खाणारी. नाव माझंच राहू द्या, तिला बदनाम मीच केलंय. आता दुसरं. गाठ करणारी माशी. शोध...”

ते थांबले. ती थांबली नाही. तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि शाई वाळायला लेबल बाजूला ठेवलं.

त्यांनी भिंगातून ते वाचलं.

“आडनावही लिहा,” ते म्हणाले. “तेवढं तरी माझं असू दे.”